गाडी उभी केली, गुन्हा नव्हे!

नाताळची सुट्टी लागली, की मालवणात भरडावरून जेटीपर्यंत जायचे म्हणजे पायी जाणाऱ्यालासुद्धा वाट काढावी लागते. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबई, साऱ्या गावांच्या गाड्या एकामागे एक उभ्या! सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा तर होडी जेटीवरूनच सुटते, तेव्हा गाडी जवळपास कुठेतरी लावणे भाग. तारकर्ली-देवबागकडे जावे तर रस्ता अरुंद आणि दोन्ही अंगांना माडांच्या बागा. आपल्या जिल्ह्याला पर्यटन जिल्ह्याचा मान मिळाला १९९७ साली. पाहुणे वाढले, गाड्या वाढल्या. पण बाजारपेठेतल्या जुन्या गल्ल्या काही रुंद झाल्या नाहीत. मग जिथे थोडी मोकळी जागा, तिथे दोरी बांधलेली दिसते आणि दोरीपाशी पावतीपुस्तक घेतलेला एखादा पोरगा. "वयनीनू, पार्किंगचे पन्नास रुपये!"

यात वावगे काही नाही. ज्याने आपली जागा मोकळी ठेवली, झाडलोट केली, उन्हातान्हात एक माणूस उभा केला, त्याने चार पैसे घेतले तर ते त्याच्या कष्टाचे आहेत. प्रश्न येतो तो पुढे. पन्नासाचे शंभर केव्हा होतात कळत नाही. परत येऊन पाहावे तर पावतीवर 'दंड' असा शिक्का पडलेला. कुणी चाकाला साखळी घालून ठेवतो, कुणी म्हणतो, "पावती हरवली? मग तीनशे द्या." आणि आपण काय करतो? मुले कडेवर, पिशव्या हातात, घरी स्वयंपाक व्हायचा आहे. पन्नास-शंभरासाठी कोण वाद घालत बसणार, म्हणून पर्स उघडतो!

मैत्रिणींनो, रक्कम लहान असते म्हणूनच ती सहज घेतली जाते. गृहिणीच्या पद्धतीने हिशेब मांडून पाहू या. एका जागेवर दिवसाला शंभर गाड्या आल्या आणि प्रत्येकीकडून वीसच रुपये जादा घेतले, तर दिवसाचे दोन हजार झाले. पंधरा दिवसांच्या सुट्टीचे तीस हजार! आपल्याला वीस रुपयांची झळ लागत नाही, पण तिकडे कुणाचा तरी धंदा उभा राहतो.

भाडे वेगळे, दंड वेगळा

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका गेल्या मे महिन्यात शेजारच्या तालुक्याच्या गावी बँकेच्या कामाला गेल्या होत्या. दहा रुपयांची पावती घेऊन त्यांनी स्कूटर लावली. चाळीस मिनिटांनी परत आल्या, तर तिथला मुलगा म्हणतो, "चाक पांढऱ्या रेषेच्या बाहेर आहे, दोनशे रुपये दंड." बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "देते की! फक्त या पावतीच्या मागे 'रेषेबाहेर गाडी लावल्याबद्दल दंड रुपये दोनशे' असे लिहून, खाली नाव घालून सही कर." मुलाने मुकादमाला बोलावले. मुकादम आला, त्याने पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "जाऊ द्या बाई, पुढच्या वेळी नीट लावा."

जो हक्काने पैसे मागतो तो ते लिहून द्यायला कचरत नाही. आणि इथे हक्क नव्हताच. कारण दंड करणे हे सरकारचे काम. ते ज्याला कायद्याने दिले आहे त्यालाच करता येते. रस्त्यावर भलत्या ठिकाणी गाडी लावली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली पोलीस चलन करतात. त्यातल्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. हा खरा दंड. तो सरकारी तिजोरीत जातो, त्याला चलन क्रमांक असतो आणि तो चुकीचा वाटला तर दाद मागायची वाटही ठरलेली असते.

खासगी जागेचा मालक किंवा ठेकेदार यांचे आणि आपले नाते मात्र निराळे. ते भाडेकऱ्याचे नाते, म्हणजेच कराराचे. 'अमुक वेळासाठी अमुक पैसे' असे त्याने फलकावर लिहिले, आपण ते वाचून गाडी लावली, की करार झाला. या कराराला १८७२ चा भारतीय करार कायदा लागू होतो आणि त्याचे कलम ७४ आपल्या फार उपयोगाचे आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे आधी लिहून ठेवले असले, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. आणि वाजवी म्हणजे किती, हे शेवटी न्यायालय ठरवते, पावती फाडणारा नव्हे.

सरळ भाषेत सांगायचे तर तासाला वीस रुपये असा दर असेल आणि तुम्ही दोन तास थांबलात, तर चाळीस रुपये तुम्ही द्यायलाच हवेत; तिथे घासाघीस नको. पण एक तास उशीर झाला म्हणून पाचशे मागितले, तर ते भाडेही नाही आणि दंडही नाही. ती नुसती मागणी आहे, आणि मागणीला नाही म्हणता येते.

जागा कोणाची?

पैसे देण्यापूर्वी हा एक प्रश्न हसतमुखाने विचारावा. "ही जागा कोणाची रे बाबा?" उत्तरावरून पुढचे सगळे ठरते.

नगरपरिषदेची जागा असेल, तर दर नगरपरिषदेने ठरवून दिलेला असतो आणि ठेकेदाराला त्यापेक्षा एक रुपयाही जादा घेता येत नाही. तक्रार मुख्याधिकाऱ्यांकडे करायची. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात ग्रामपंचायत पैसे घेत असेल, तर त्यामागे पंचायतीचा ठराव हवा. तिथे दाद लागली नाही, तर पंचायत समितीत गटविकास अधिकारी असतात. जागा बंदराच्या हद्दीतली असेल, तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचे बंदर कार्यालय. कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, सावंतवाडी ही आपली रेल्वे स्थानके. तिथल्या वाहनतळाची तक्रार स्टेशन मास्तरकडे किंवा रेल्वेच्या १३९ क्रमांकावर. एस.टी. स्थानकाच्या आवारात आगार व्यवस्थापक. आणि कुणाची स्वतःची बाग किंवा परडे असेल, तर दर त्याचा तो ठरवील. पटला तर लावावी, नाहीतर पुढे जावे.

राहता राहिला सार्वजनिक रस्ता. आपल्या दुकानासमोरचा किंवा घरासमोरचा सरकारी रस्ता हा काही आपल्या मालकीचा होत नाही. ठराव नाही, ठेका नाही आणि नुसती दोरी बांधून कुणी पैसे गोळा करत असेल, तर त्याला ते घेण्याचा अधिकारच नाही.

ठेकेदार म्हणतो तो दर खरा की खोटा, हे पाहण्याचा उपाय अगदी स्वस्त आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून साधा अर्ज करायचा. 'अमुक वाहनतळाचा ठेका, मंजूर दर आणि ठेक्याच्या अटी यांच्या प्रती मिळाव्यात' एवढे एक वाक्य पुरते. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महिला मंडळाच्या एखाद्या बैठकीत हे ठरवले, तर अर्ज एकीचा आणि माहिती साऱ्या गावाला!

फलक आणि पावती

दर आधी दिसला पाहिजे. गाडी लावून कुलूप घातल्यावर सांगितलेला दर हा करार नव्हे. म्हणून फलक दिसला की त्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. फलक नसेल, तर नसलेल्या जागेचाही काढावा!

पावतीबाबत तर कायदा स्पष्ट आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सेवा देऊन तिची नियमाप्रमाणे पावती न देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर पैसे घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता, अनुक्रमांक, तारीख, कशाचे पैसे आणि किती, एवढे तरी असलेच पाहिजे. 'पार्किंग ५०' एवढेच छापलेला, ना नाव ना गाव असा पिवळा कागद पावती म्हणून हातात ठेवला, तर "तुझे नाव आणि तारीख घाल रे यावर" असे सांगावे. वर जीएसटी म्हणून काही लावले असेल, तर जीएसटी क्रमांक हवा. ज्याची नोंदणी नाही त्याला तो कर गोळा करता येत नाही.

पावती हरवण्याची भीती वाटते ना? हातात पडल्याबरोबर तिचाही फोटो काढावा. मग हरवली तरी क्रमांक आणि वेळ आपल्यापाशी राहते. गाडीची कागदपत्रे दाखवून गाडी आपलीच आहे हे सिद्ध केले, की हरवलेल्या कागदाबद्दल शेकडो रुपये मागण्याला काही आधार उरत नाही.

चाकाला साखळी घातली तर?

हा प्रसंग बायकांना सर्वांत घाबरवणारा. संध्याकाळ झालेली, बरोबर लेकरू, आणि पैसे दिल्याशिवाय साखळी काढणार नाही असे सांगणारे दोघे-तिघे समोर. अशा वेळी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडी ओढून नेणे किंवा तिचे चाक जखडणे याबद्दल मोटार वाहन कायद्यात कलम १२७ आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेली अथवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी हलवण्याचा किंवा जखडण्याचा हुकूम देतो तो त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी. ठेकेदाराच्या माणसाला असा अधिकार या कलमाने दिलेला नाही.

तेव्हा वाद न घालता ११२ क्रमांकावर पोलिसांना फोन करावा आणि तो समोरच्याच्या देखत करावा. पुष्कळदा फोन लागण्यापूर्वीच साखळी सुटते! धमकी देऊन पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे, हेही ठाऊक असावे. पण रात्र झाली आहे, आजूबाजूला कुणी नाही, मूल तापाने फणफणले आहे, अशी वेळ असली तर पैसे द्यावेत आणि घरी जावे. जिवापेक्षा दोनशे रुपये मोठे नाहीत. फक्त पैसे शक्यतो मोबाइलवरून द्यावेत, म्हणजे कुणाच्या खात्यात किती वाजता किती गेले याची नोंद राहते. दिलेले पैसे परत मागता येतात. दिले म्हणजे कबूल केले असे होत नाही.

'आपल्या जबाबदारीवर'

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ हमखास असते, 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर'. ती वाचून आपण समजतो की आता गाडी चोरीला गेली तरी बोलायला जागा नाही. तसे नेहमीच नसते. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका गृहस्थांनी आपली मारुती झेन आणि तिची चावी हॉटेलच्या माणसाच्या हवाली केली. परत येऊन पाहतात तो गाडी भलताच कुणी घेऊन गेलेला. पावतीवर हीच मालकाच्या जबाबदारीची ओळ छापलेली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल लागला. गाडी आणि चावी ताब्यात घेतली, म्हणजे ती नीट सांभाळण्याची जबाबदारीही घेतली. स्वतःच्या निष्काळजीपणातून असल्या छापील ओळीच्या आडून सुटता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

यातला बारकावा लक्षात घ्यावा. चावी दिली की सांभाळण्याची जबाबदारी पक्की होते. आपणच गाडी लावून चावी पर्समध्ये ठेवली, तर ते सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून चावी देण्याचा प्रसंग आलाच तर पावतीवर 'चावी घेतली' असे लिहून घ्यावे, आणि गाडीत दागिने किंवा पैसे कधीच ठेवू नयेत.

मुले इंग्लंडात असतील तर

भाडे आणि दंड यांची गल्लत आपल्याकडेच होते असे नाही. आपल्या कितीतरी घरांतली मुले-मुली आता इंग्लंडात असतात, आणि तिकडे तर ही गल्लत टपालाने घरी येते! गाडीचा फोटो, तारीख, वेळ, साठ-सत्तर-शंभर पौंडांची मागणी. कागद असा सरकारी थाटाचा की नवखा माणूस घाबरून पैसे भरतो. तिथे नगरपालिकेच्या दंडाला 'पेनल्टी चार्ज नोटीस' म्हणतात आणि खासगी कंपनीच्या मागणीला 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोहोंची आद्याक्षरे तीच! पहिला दंड, दुसरे कराराचे येणे. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत चाक जखडण्यावर १ ऑक्टोबर २०१२ पासून बंदीच आली.

पण म्हणून खासगी कागद केराच्या टोपलीत टाकावा असेही नाही. दोन तास फुकट असलेल्या एका वाहनतळावर सुमारे तासभर जादा थांबलेल्या बीव्हिस नावाच्या गृहस्थांनी ८५ पौंड द्यायचे नाकारले आणि ते थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी ते हरले. फलक मोठे आणि स्पष्ट होते, रक्कमही अवाजवी नव्हती, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तेव्हा मुलांना सांगावे, आधी कंपनीकडे मुदतीत लेखी हरकत घ्या. तिने नाकारली तर 'पॉप्ला' किंवा 'आयएएस' या अपील मंडळांपैकी ती कंपनी ज्याच्याशी जोडलेली असेल तिथे दाद मागा. त्याला मोटारचालकाला खर्च येत नाही. घाबरून भरू नका आणि दुर्लक्षही करू नका.

तक्रार अशी करावी

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. कागद मात्र फायलीत राहतो. खालचा नमुना वहीत उतरवून ठेवावा:

'प्रति, मा. मुख्याधिकारी, …… नगरपरिषद यांस.
विषय: वाहनतळावर जादा आकारणी झाल्याबाबत.
महोदय, दि. …… रोजी …… वाजता …… येथील वाहनतळावर मी माझी दुचाकी क्र. …… उभी केली. फलकावरील दर …… रुपये असताना माझ्याकडून …… रुपये घेण्यात आले. पावती क्र. …… ची छायाप्रत व फलकाचा फोटो सोबत जोडला आहे. जादा घेतलेली रक्कम परत मिळावी, मंजूर दराचा फलक दर्शनी भागी लावण्यात यावा व केलेल्या कारवाईची माहिती मला लेखी मिळावी, ही विनंती.
आपली, (सही, नाव, पत्ता)'

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती जपून ठेवावी. जाणे जमत नसेल, तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठेवावी. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज!

पंधरा-वीस दिवसांत काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्याही पुढे जायचे तर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्यासाठी सिंधुदुर्गनगरीला. वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः बोलता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आणखी एक सोय म्हणजे आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. म्हणजे पुण्याला किंवा मुंबईला जादा पैसे घेतले, म्हणून तिकडे खेपा घालायला नकोत. पन्नास रुपयांसाठी कुणी आयोगात जात नाही, हे खरेच. पण चार जणींनी आपापल्या पावत्या एकत्र करून मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या, तर दराचा फलक लागायला पुष्कळदा तेवढेही पुरते.

आपली बाजूही स्वच्छ हवी

हक्काची भाषा बोलताना आपणही थोडे नीट वागू या. कुणाच्या परड्याच्या तोंडाशी, मासळीच्या टोपल्या उतरायच्या जागी, दवाखान्याच्या दारात 'दोनच मिनिटे' म्हणून गाडी लावणाऱ्या आपल्यातही आहेत. तिथे कुणी ओरडले तर ते अन्याय म्हणून सांगू नये. पावती देणाऱ्या पोराशीही अरे-तुरेच्या भांडणात पडू नये. तो बहुधा रोजावरचा असतो, जादा पैसे त्याच्या खिशात राहतातच असे नाही, आणि कदाचित आपल्याच शाळेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला असतो. बोलायचे ते त्याच्या मुकादमाशी, आणि लिहायचे ते मुख्याधिकाऱ्यांना.

आणखी एक. बाहेरगावचा पाहुणा पैशाला ठकला की तो ठेकेदाराचे नाव लक्षात ठेवत नाही, गावाचे ठेवतो. खानावळवाली, होडीवाला, खाजा-कोकम विकणारी म्हातारी, साऱ्यांच्या पोटावर ते येते. म्हणून आपल्यासमोर पाहुण्याकडून जादा पैसे घेतले जात असतील, तर "मंजूर दर किती रे?" एवढे तरी आपण विचारावे. दर आधी पाहावा, पावती नावानिशी घ्यावी, भाडे चोख द्यावे. आणि दंड मागितला, तर तो आधी लिहून मागावा.